सर्व्हर सापडत नाही

हॉलमधल्या सगळ्या नव्या कॉम्प्युटरांवर सर्व्हरवरून एकदमच विंडोज टाकायचं होतं, आणि सकाळपासून प्रत्येक पडद्यावर तेच रडगाणं: सर्व्हर सापडत नाही.

"फुकटचा पगार खातोस, हरामखोरा!" साहेबांनी टेक्निशियनची मानगूट धरून त्याचं तोंड टेबलावर आपटलं. कीबोर्डवर रक्त सांडलं.

"साहेब, सर्व्हर ठीक आहे," तो ओठ पुसत म्हणाला. "कुणीतरी वायरीत दुसरा डबा जोडलाय. कॉम्प्युटरांनी हाक मारली की सर्व्हरच्या आधी तोच उत्तर देतोय."

"हलू नकोस. मीच बघतो. आणि खोटं निघालं तर हात मोडीन!"

शिव्या हासडत साहेब एकेक वायर धरून पुढे सरकले. शेवटची वायर त्यांच्याच केबिनमध्ये शिरली. टेबलाखाली वायफायचा राउटर लुकलुकत होता. काल मोबाइलवर मॅच बघायला त्यांनीच घरून आणून जोडलेला. त्यांनी तो उपटून खिशात कोंबला.

बाहेर एकामागून एक पडदे जिवंत झाले.

"बघितलंत?" साहेब हॉलभर गरजले. "दोन ठेवून दिल्याशिवाय इथे काही चालतच नाही!"

"चुकलं माझं, साहेब," टेक्निशियन म्हणाला.

साहेबांच्या मांडीला खिशातला राउटर अजून गरम लागत होता.