सहावा सेल

पाचवा खिळा खचकन आत गेला आणि काहीच झालं नाही. धूर नाही, ठिणगी नाही. जाड काचेमागे बॅटरीचा सेल पोटात खिळा घेऊन मुकाट पडून होता.

"काका, जिंकलात की!" मालक ओरडला. हाच मालक आठवडाभर "पेटला तर विभागाला कुलूप" म्हणत डोकं खात होता. आता गिऱ्हाइकांना फोन लावत बाहेर पळाला.

काका सहा वर्षं एकाच गोष्टीच्या मागे होते. लिथियम बॅटरीत भरतात ते इलेक्ट्रोलाइट नावाचं द्रावण पेट्रोलसारखं भडकतं. काकांना न भडकणारं बनवायचं होतं, आणि भरलेल्या सेलमध्ये खिळा घुसवून बघणं हीच त्याची परीक्षा. स्कूटरची बॅटरी घरात चार्जिंगला असताना पेटली आणि त्यांची लेक मानेपासून मनगटापर्यंत भाजली, तेव्हापासून.

त्यांनी लेकीला फोन लावला. "बाळा, एकही नाही पेटला."

पलीकडून ती म्हणाली, "बाबा, खरं सांगताय ना?"

"अगदी खरं," काका म्हणाले आणि चष्मा पुसत बसले.

खिळ्याचं मशीन चालवणारी बाई मात्र हसत नव्हती. तिला सगळे खिळेवाली म्हणायचे. तिने काच उघडून सेलवर हातमोजा घातलेला हात ठेवला. "पेटला नाही, ठीक. पण कोमटसुद्धा नाही? मेलेल्याला भोसकल्यासारखं वाटतंय मला."

त्या पाचांबरोबरच चार्जिंगला लावून राखीव ठेवलेल्या सहाव्या सेलला तिने मीटर लावला. सेल जवळजवळ रिकामा. आणि सेलमध्ये चार्जच नसला तर आत कुठलंही इलेक्ट्रोलाइट भरा, खिळ्याने तो पेटत नाही. हे तिथल्या झाडूवाल्यालाही माहीत होतं.

"चार्जिंग रॅकच्या पाटीवर तुम्हीच लिहिलंय ना, रात्रभर चार्जिंग?" ती काकांना म्हणाली. " मी त्याच भरवशावर मीटर लावला नाही. माझंच चुकलं. शेण खाल्लं मी!"

सहावा सेल काकांनीच चार्जिंगला लावला. भरेपर्यंत दोघं समोर स्टुलांवर बसून राहिले. चहा आला, तसाच गार झाला.

दुपारी खिळेवालीने बटण दाबलं.

काच पांढरी झाली. मग नारिंगी. मग काळी. आवाज ऐकून मालक धावत आला, काचेकडे बघितलं, काकांकडे बघितलंच नाही. "उद्यापासून येऊ नका," म्हणाला आणि निघून गेला.

खिळेवाली रॅकवर तुटून पडली. चार्जिंगची वेळ मोजणारं त्याचं घड्याळ बघितलं. सकाळचे सहाही सेल फक्त वीस मिनिटं चार्ज झाले होते. "रात्री प्लग कुणी काढला? कुठल्या गाढवाने?"

"मीच," काका म्हणाले. "घरी जाताना रोज काढतो, सकाळी आलो की लावतो. हात आपोआपच जातो गं... माझ्या सेलला रात्रभर चार्जिंगवर एकटं सोडायची माझी कधी हिंमतच झाली नाही."