बाहेरून कोणी येईना

दादानं राउटरची पिन उपटली आणि वीसपर्यंत मोजायला सुरुवात केली. बाराव्या आकड्यालाच मागच्या खोलीतून बहिणीच्या सासूबाईंचा आवाज आला.

“पुन्हा घालवलंत का रे इंटरनेट? माझ्या टॅबवर काही येईना.”

“दोन मिनिटं, मावशी.”

“पाचच्या आत येईल ना?”

“आणतो,” म्हणून दादानं पुन्हा एकपासून मोजायला घेतलं.

बहिणीनं घड्याळाकडे पाहिलं. चार वाजून दहा मिनिटं. सकाळीच तिच्या जुन्या कार्यशाळेतून फोन आला होता. कृत्रिम हातपाय बनवणारी कार्यशाळा. दुसऱ्या शहरात शाखा निघतेय, सांभाळशील का, सहापर्यंत कळव. तिला जायचं होतं. इतकं जायचं होतं की त्याचीच तिला भीती वाटत होती. म्हणून आधी घुबडाशी बोलायचं होतं.

घुबड हे खेळातलं टोपणनाव. तीन वर्षांपूर्वी सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं. नवरा जहाजावर. हात बसलेलं काम सोडून ती घरी राहिली आणि संध्याकाळी तासभर चार अनोळखी माणसांबरोबर संगणकावर एक गाव बांधू लागली. बाकीचे आले, गेले. घुबड टिकलं. त्याचा ना फोन नंबर ठाऊक, ना खरं नाव, पण नवऱ्याला न सांगता येणारं सगळं त्याला सांगता यायचं. सासूबाई काठी कशी आपटतात, अंघोळीला वेळ लागला की दारावर कशी थाप मारतात, दिवसाला मोजून दहा शब्द कसे बोलतात. पुढं काठीला रबर बसलं, आवाज गेला, राग होता तिथंच राहिला. घुबड सासूला नावं ठेवायचं नाही, तिची बाजूही घ्यायचं नाही. फक्त विचारायचं, “मग?” असं विचारणारं घरात दुसरं कोणी नव्हतं.

ज्याच्या संगणकावर ते गाव चालायचं, त्यानं परवा खेळ सोडला. तिनं गाव आपल्या संगणकावर उतरवून घेतलं, सगळ्यांना नवा पत्ता दिला आणि आज पाचला भेटायचं ठरवलं. पण सकाळपासून बाहेरून एकालाही आत येता येईना. शेवटी तिनं भावाला बोलावलं. तो कार्यालयांत नेटवर्क बसवायचा.

“संगणकाची सुरक्षेची भिंत खाली केली, राउटरवर खेळासाठी दार उघडलं,” दादा पुटपुटला. “आता घोडं कुठं अडलंय?”

त्यानं आपला फोन घरच्या वायफायवर घेतला. यादीत गाव आपोआप दिसलं. बोट लावताच तो आत.

“चाललं की,” बहीण खुर्चीतून उठली.

“घरातल्या घरात चालणारच. खरी परीक्षा बाहेरून.” त्यानं वायफाय बंद केलं, सिमचं इंटरनेट लावलं. गाव गायब. पत्ता घातला, चाक गरगरत राहिलं.

तिनं वायर तपासली. पुन्हा तपासली. मग उगाच टेबल पुसलं.

“एका जागी बस गं. वाढपी असल्यासारखी फिरतेस.”

“सहाला मला उत्तर द्यायचंय, दादा.”

“मग दे. मला विचार, मी सांगतो.”

“तू मावशींसमोर एक बोलतोस, माझ्यासमोर एक.”

दादानं इंटरनेट कंपनीला फोन लावला, अर्धा तास संगीत ऐकलं, मग बराच वेळ हं हं केलं आणि फोन ठेवला.

“आपल्याकडून काही चुकलेलं नाही. कंपनीनं सगळ्या इमारतीला मिळून बाहेरचा एकच पत्ता दिलाय. बाहेरून कोणी आलं तरी कुणाच्या घरात जायचं, हे त्यांच्या यंत्राला कळत नाही. वेगळा पत्ता मागितलाय. दोन दिवस.”

“म्हणजे आज?”

“आज देव जरी आला तरी बाहेरून आत येणार नाही.”

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. दादानं बघून न बघितल्यासारखं केलं आणि तो पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेला.

पाच वाजले. पाचवर सात मिनिटं झाली आणि पडद्यावर ओळ उमटली: घुबड आलं.

“दादा, झालं रे,” एवढं म्हणून ती बसली आणि भराभर लिहीत सुटली. फोन, शाखा, सहाची मुदत. “जायचंय मला. पण त्या एकट्या पडतील. आणि खरं सांगू, त्यांची दया येते म्हणून थांबले नाहीये, लोक काय म्हणतील म्हणून थांबलेय. वाईट आहे ना मी?”

“मग?” आलं. नेहमीसारखं.

“मग तूच सांग. तू म्हणशील ते करते.”

तिनं नखं खाल्ली. मग एकेक ओळ आली.

“जा.”

“तीन वर्षं केलंस, पुष्कळ केलंस.”

“सासूची चिंता नको. जड जाईल तिला, पण निभावेल. लोकांना काय म्हणायचं ते म्हणू दे.”

तिनं फोन उचलला आणि विचार बदलायच्या आत कार्यशाळेला हो कळवून टाकलं. तीन वर्षांत पहिल्यांदा ती मोठ्यानं हसली.

दादा पेला हातात घेऊनच आला आणि पडद्याकडे बघत राहिला.

“आलं कसं? बाहेरचं दार तर बंद आहे.”

“आलं ना. मरू दे कसं ते.”

पण त्याला राहवेना. त्यानं लॅपटॉप ओढून राउटरची यादी उघडली, खेळातल्या नोंदीशी पत्ता ताडून पाहिला, आणि पेला हळूच खाली ठेवला.

“अगं, हे बाहेरून आलेलंच नाही,” तो आवाज खाली आणून म्हणाला. “मागच्या खोलीतल्या टॅबवरून आलंय.”