नऊ फूट

दुकानदाराने कॅमेऱ्यातले कार्ड काढून आपल्या संगणकात घातले. "लेन्स आपण निवडायची नसते, साहेब. आपले जुने फोटोच सांगतात, कुठली घ्यायची ते."

कुठला फोटो किती झूमवर काढला, हे त्या फोटोबरोबरच नोंदलेले असते. त्याने आकड्यांचा तक्ता पडद्यावर उघडला. निवृत्त मोजणीदार काउंटरवर वाकले. जमिनी मोजण्यात त्यांची हयात गेली होती. आकड्यांवर त्यांचा विश्वास होता.

"हे बघा. सहा वर्षं तुम्ही अठरा ते चोवीसच्या पुढे गेलाच नाहीत. म्हणजे अगदी जवळून. आणि जिकडे तिकडे या बाई." दारापाशी बाकावर लेकीशेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोकडे पाहून दुकानदार हसला. "याच ना? आणि गेले आठ महिने झाडून सगळे पंचावन्नवर. तुमच्या या लेन्सची धाव तिथेच संपते. तरी चेहरा बघा, नखाएवढा. आवड बदलली की काय?"

"आवड तीच आहे," मोजणीदार म्हणाले.

"मग दोन पावलं पुढे व्हायचं! पायांइतका स्वस्त झूम नाही."

"तेच जमत नाही."

दुकानदाराने त्यांच्या गुडघ्यांकडे पाहिले आणि समजूतदारपणे मान हलवली. मग दोन लेन्स काढून समोर ठेवल्या.

"ही सतरा-पन्नास. अंधाऱ्या खोलीतसुद्धा चेहरा लख्ख. पण पल्ला तोकडा. ही दुसरी अठरा-एकशे पस्तीस. तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान, त्यामुळे लांबचं आणखी जवळ दिसेल. पण हिला उजेड लागतो. घरातल्या दिव्यात फोटो हलणार म्हणजे हलणार. तुम्हाला काढायचंय काय, आणि कुठून?"

"एकच चेहरा. हॉलमध्ये, बावीस फुटांवरून. उजेड बेताचा."

शुश्रूषागृहातला तो हॉल त्यांनी कालच टेपने मोजला होता. सोमवारपासून बायको तिथे राहायला जाणार होती, आणि तिथल्या नर्सने त्यांना बसण्यासाठी समोरच्या भिंतीजवळची खुर्ची दाखवली होती. घरातलेही एक अंतर त्यांना पाठ झाले होते. नऊ फूट. त्याच्या आत ते आले, की बायको ओंजळीत तोंड लपवायची आणि लेकीला हाक मारायची, "कोण शिरलंय बघ गं घरात!"

"बावीस फूट, आणि वर अंधार!" दुकानदाराने कपाळाला हात लावला. "लेन्स जावयासारखी असते, साहेब. सगळे गुण एकात मागायचे नाहीत. लावून तर बघा."

मोजणीदारांनी लांब पल्ल्याची लेन्स कॅमेऱ्याला लावली आणि ते दाराकडे वळले. काउंटरपासून बाक सोळा फूट असावा. त्यांनी झूमचे कडे शेवटपर्यंत फिरवले. काचेच्या दारातून येणारा उजेड तिच्या तोंडावर होता. डाव्या भुवईतला बारीक व्रण दिसला. कानामागे एक केस सुटला होता. आठ महिन्यांत ते तिच्या इतके जवळ गेले नव्हते.

तिला लेन्स दिसली. मांडीवरचे हात वर उचलले गेले. मोजणीदारांनी श्वास रोखला. हात अर्ध्यावर थांबले.

"ते गृहस्थ माझा फोटो काढतायत का गं?"

लेकीने बापाकडे पाहिले. "नुसती लेन्स बघतायत, आई. बघू दे ना."

"बघू देत बापडे. पण त्यांना येत नाही हं. एवढ्या लांबून काढतं का कुणी? आमचे हे इतक्या जवळ येतात," तिने तळहात नाकासमोर धरला, "की मलाच ओरडावं लागतं, अहो, भिंग टेकेल नाकाला!"

आणि ती हसली. सरळ लेन्समध्ये बघून.

त्यांनी बटण दाबले. खट्. कॅमेरा खाली घेतला. काळ्या पडद्यावर बारीक अक्षरे होती: कार्ड नाही.

"अरेच्चा! ते माझ्याकडेच राहिलं की!" दुकानदार संगणकातून कार्ड उपसत म्हणाला. "काही बिघडत नाही, पुन्हा काढा. बाईंना म्हणावं, जरा तशाच हसा."

मोजणीदारांनी कार्ड आत घातले आणि कॅमेरा पुन्हा डोळ्याला लावला. तिची मान फिरली होती. ती काचेतून रस्त्याकडे बघत होती. "अजून कसे आले नाहीत?" ती लेकीला विचारत होती.

"हीच द्या," मोजणीदार म्हणाले.

"तुमच्या त्या हॉलमध्ये फोटो हलतील हं. मागाहून मला बोल लावू नका."

"हलू देत."

लेकीने आईला हाताला धरून उठवले. लेन्सचा खोका काखेत घेऊन मोजणीदार मागून निघाले, नेहमीचे अंतर राखून. दारात बायको थांबली. काचेचे दार तिने बाहेर ढकलले आणि हाताने तसेच धरून ठेवले.

"चल ना, आई."

"थांब जरा. दार लागेल त्यांना. हे मागून येतायत."

मोजणीदार नऊ फुटांवर उभे राहिले. त्यांच्या खांद्यावरून ती मागे, दुकानातल्या रिकाम्या जागेकडे बघत होती.