नळी कुठे धरायची

बाळांनो, डोळे मिटा आणि मनात एक खोली उभी करा. वरच्या मजल्यावरची, फार मोठी नाही. मधोमध टेबल, त्यावर जुनी चादर अंथरलेली. चादरीवर तेलाची कुपी, तारेचा बारीक ब्रश आणि चिंध्या. आता त्या चिंध्यांमध्ये एक रिव्हॉल्व्हर ठेवा. नवं कोरं नको. मुठीचं लाकूड कुणाच्या तरी हाताने गुळगुळीत झालेलं, घोड्यापाशी गंजाचे ठिपके पडलेलं. ठेवलंत? टेबलाच्या एका बाजूला बाबा बसलेत आणि दुसऱ्या बाजूला, खुर्चीवर गुडघे टेकून, बिट्टी.

बाबा शिवणयंत्रं दुरुस्त करत. हट्टाला पेटलेलं यंत्र समोर आलं की त्यांची कळी खुले, आणि हाताखाली त्यांना बिट्टीच लागे. म्हणून आजही तिला हाक मारली होती. रिव्हॉल्व्हर त्यांनी कालच एका निवृत्त फौजदाराकडून आणलं होतं, परवाना-बिरवाना सगळं रीतसर करून. कुणी विचारलं तर ते चोरांचं नाव सांगत. घरात मात्र खरं काय ते सगळ्यांना ठाऊक होतं. मधल्या भिंतीपलीकडे काका राहत, बाबांचे धाकटे भाऊ. समाईक बोळात लोखंडी दार बसवण्यावरून दोघांची जुंपली आणि काकांनी चारचौघांत बाबांची कॉलर धरली. तेव्हापासून दोन्ही घरांचा अबोला होता. बाबा जेवतानासुद्धा मान वर करत नसत.

आज ते खुशीत होते. त्यांनी चक्री बाहेर काढली, गोळ्यांची घरं एकेक करून उजेडात धरली, रिकामी आहेत ना हे बिट्टीलाही बघायला लावलं. नळीतून ब्रश फिरवला तशी चिंधीवर काळीकुट्ट काजळी आली. फौजदारसाहेबांनी मिशांना जेवढं तेल लावलं त्याच्या निम्मं इथे लावलं असतं तर बरं झालं असतं, असं बाबा म्हणाले आणि बिट्टी खुदकन हसली. कितीतरी दिवसांनी बाबांनी काहीतरी गमतीचं म्हटलं होतं.

चक्री परत बसवून ते थांबले.

"आता चाप बघायचा. पण आधी एक धडा. रिकामं असलं तरी भरलेलंच समजायचं. आणि नळी आपल्या माणसाकडे कधी म्हणजे कधी धरायची नाही."

बिट्टीने मान डोलावली. मग दोघं मिळून जागा शोधू लागले. खिडकीकडे धरावं तर समोरच्या गॅलरीत आजोबा पेपर वाचत बसलेले. जमिनीकडे धरावं तर खाली भाडेकरूंचं तान्हं बाळ झोपलेलं. वर गच्चीत मुलांचा चेंडू धपधप आपटत होता. स्वयंपाकघराकडे तर आईच होती. ताटल्या पुसता पुसता तिने तिथूनच ऐकवलं, की शिवणयंत्रं बरी होती, फार तर बोटाला सुई टोचायची. बाबा प्रत्येक वेळी हात वळवत आणि बिट्टी प्रत्येक वेळी कोणी ना कोणी शोधून काढी. तिला हा खेळ वाटू लागला होता.

मग बाबांचा हात मधल्या भिंतीकडे वळला आणि तिथेच थांबला. त्यांनी एक डोळा बारीक केला.

खट्.

भिंतीपलीकडे काका शिंकले.

"बाबा, तिकडे काका आहेत."

"आपलं कोणी नाही तिकडे," बाबा म्हणाले. सुईदोरा मागावा इतक्या साध्या आवाजात. "चाप जरा जड लागतोय. तेल दे."

स्वयंपाकघरातला ताटल्यांचा आवाज बंद झाला. बिट्टीने बाबांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. राग दिसला असता तर तिला बरं वाटलं असतं. तो तिला माहीत होता. बाबा फक्त वाट बघत होते, हात पुढे करून, तेलाच्या कुपीची.

तिने कुपी त्यांच्या हातात ठेवली, खुर्चीवरून उतरली आणि अनवाणीच बाहेर पडली.

जिना उतरून तिने बोळातलं लोखंडी दार ढकललं, पलीकडचा जिना चढून काकांच्या घराची कडी वाजवली. काकूने दार उघडलं आणि आज इकडे कशी वाट चुकलीस म्हणून टोमणा मारला, पण वाट अडवली नाही. काका भिंतीला पाठ करून खुर्चीत बसले होते, नाकाला रुमाल लावून. बिट्टी त्यांच्या खुर्चीच्या मागे गेली. खुर्ची आणि भिंत यांच्यात जेमतेम जागा होती. तिथे ती अंग चोरून उभी राहिली.

खट्. आवाज थेट तिच्या पाठीमागून आला.

"काय चाललंय गं तुमच्याकडे?" काकांनी मान वळवून विचारलं.

"बाबा मशीन दुरुस्त करताहेत," बिट्टी म्हणाली.

काकांनी हुं केलं. काकूने विचारलं, मग तू तिथे कोपऱ्यात काय करतेस? बिट्टीने पाठ भिंतीला घट्ट टेकवली, श्वास भरून घेतला आणि पलीकडे ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सतराचा पाढा म्हणायला सुरुवात केली. सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस. पाढा संपला, की ती लगेच पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होती.