आईंच्या हातचा पाव

मीठ आजही नव्हतं.

सुनेने कणकेचा हरभऱ्याएवढा गोळा जिभेवर ठेवला, चघळला आणि कपाळाला हात लावला. पलीकडच्या खोलीत सासूबाई आडव्या झाल्या होत्या. घोरणं सुरू झालं तशी तिने मीठ पाण्यात विरघळवलं, कणीक उलगडून त्यात मुरवलं आणि पातेलं पुन्हा होतं तसं झाकलं. फडक्याची घडीसुद्धा तीच.

वर्ष होत आलं या चोरीला. चोरीही उफराटी. लोक भांड्यातलं काढतात, ही घालत होती.

सासूबाईंचा पाव म्हणजे गल्लीतलं मोठं प्रस्थ. गव्हाला मोड आणायचे, वाळवायचे, दळायचे. त्या पिठात पाणी, मीठ, चमचाभर तेल आणि बरणीत जपलेलं आंबवण. दूध नाही, लोणी नाही, अंडं नाही. अशा पावाला आता व्हेगन म्हणतात, असं नातीने सांगितलं तेव्हा म्हातारी म्हणाली, "म्हणू देत. चाळीस वर्षं बिननावाचा होता, तेव्हा काय कुणाच्या घशाखाली उतरत नव्हता?"

या घरात आल्यावर सुनेनेही एकदा पाव केला होता. धाकटा दीर तो हातात तोलून म्हणाला होता, "वहिनी, दार वाऱ्याने आपटतं, त्याला लावू का?" त्या दिवसापासून अकरा वर्षं तिने पावाच्या कणकेला बोट लावलं नाही. सासूबाईंनी हाक मारली की एकच पालुपद. "आई, मला नाही जमत. तुम्हीच करा."

आणि मग गेल्या वर्षी म्हातारीचं लक्ष उडायला लागलं. कधी मीठ राहायचं. कधी मोड दाण्याहून लांब वाढायचे आणि कणीक हाताला गोंदासारखी चिकटायची. कधी आंबवणच बरणीत राहायचं. नशीब एवढंच, की एका दिवशी एकच भानगड.

पहिल्या महिन्यात सुनेने दोन पातेली गुपचूप कचऱ्यात घातली. मग हळूहळू तिला कळायला लागलं. जिभेला मीठ कळे, बोटाला मोड कळे, नाकाला आंबवण कळे. माळ्यावर तिने स्वतः मोड आणून दळलेल्या पिठाचा डबा लपवला. कणीक फारच चिकटली तर ती सगळी बाजूला सारून त्या डब्यातल्या पिठाची नवी मळून ठेवी.

"आईला सांगून टाक ना," नवरा म्हणाला.

"तुम्ही सांगा."

"माझं डोकं अजून ठिकाणावर आहे."

सांगणार कोण? "माझ्या हातचा" हे दोन शब्द म्हातारी अशा थाटात म्हणायची, की ऐकणाऱ्याने उठून उभं राहावं. ते शब्द काढून घेतले तर तिच्याजवळ उरणार काय, नुसते गुडघे?

अशात शहरातल्या मोठ्या दुकानाचा माणूस घरी आला. सहा महिने तो शेजारणीकडून हा पाव मागवून खात होता. आता त्याला तो दुकानात ठेवायचा होता, पाकिटावर सासूबाईंचं नाव घालून.

"पण आजी, एक अट आहे. नाव ज्याचं, हात त्याचाच पाहिजे. मागे एकीने आम्हाला फसवलंय. मळल्यापासून भाजेपर्यंत मी समोर बसणार."

"बसा. खुर्ची मोडकी नाही आमची."

ठरल्या दिवशी तो सकाळीच येऊन बसला. आज झोप नाही, घोरणं नाही, पातेल्याशी एकटं राहणं नाही. चारचौघांत म्हातारीचं हसं होणार.

"आई, मी मळते. तुम्ही यांच्याशी बोला."

"का? माझे हात काय भाड्याने दिलेत?"

सून मुठीत मिठाची पुडी धरून ओट्याला खेटून उभी राहिली.

"अगं, खांबासारखी काय उभी राहिलीस? छत काही पडत नाही. बस."

म्हातारीने पीठ घेतलं, चिमटीत चोळून पाहिलं. पाणी घातलं. आंबवण घातलं. तेल घातलं. मग तळहातावर मीठ घेतलं, नजरेने मोजलं, त्यातले दोन कण परत टाकले आणि बाकीचं घातलं. सुनेच्या मुठीतली पुडी घामाने ओली झाली.

कणीक फुगली. पावाच्या डब्याला तेलाचा हात फिरला. पाव ओव्हनमध्ये गेला आणि घरभर खमंग वास सुटला. बाहेर काढल्यावर म्हातारीने तो उलटा धरून बुडावर टिचकी मारली. पोकळ, स्वच्छ आवाज आला. कुठे काही चुकलं नव्हतं. सुनेचे डोळे भरून आले. आज म्हातारीची लाज राहिली होती, आणि तीही तिच्याच हाताने.

दुकानवाल्याने एक काप खाल्ला. लगेच दुसरा घेतला.

"हाच तो पाव, आजी. तंतोतंत. लिहून घेतो तुमचं नाव."

"माझं नको. हिचं लिहा."

"आई, काहीतरीच काय बोलता!"

"तू गप्प बस." म्हातारीने हात पुसले आणि दुकानवाल्याकडे वळली. "आज मी नुसतं दाखवायला मळलं. सहा महिने तुम्ही खाल्लात तो हिच्या हातचा. मी रोज कणकेत मुद्दाम एक खोट ठेवते आणि आत जाऊन खोटी घोरत पडते. वर्ष झालं, हिच्याकडून अजून एकही सुटली नाही."