हातमोजा

काल उंदराला अंधाऱ्या खोक्यात विजेचा झटका बसताच संशोधक ताईंनी त्याला औषध टोचलं होतं, म्हणजे झटक्याची आठवण मेंदूत रुजायलाच नको. पण आज त्यांनी त्याला खोक्यापुढे धरताच तो थरथरायला लागला. ताईंनी दाढीवाल्या सहकाऱ्याकडे रोखून पाहिलं. औषधाच्या कुप्या याच्याच ताब्यात आणि ताईंच्या कौतुकाने याच्याच पोटात दुखायचं. “औषधाऐवजी पाणी भरलंस ना?” “ताई, मी सोडून बघू?” त्याने उंदीर खोक्यापुढे ठेवला. उंदराने मिशा हलवल्या आणि घरात शिरावं तसा आत गेला. झटका तो साफ विसरला होता. ताई ओशाळल्या. उचलायला त्यांनी हात घातला, तसा तो किंचाळत कोपऱ्याला चिकटला. हातमोज्याला बिचकला असेल, म्हणून त्यांनी तो काढला. उघडा हात हुंगताच उंदीर मुतला. “इतके महिने कुठली भीती मोजत होतात, ताई?” ताईंनी हात कोटाच्या खिशात घातला.