खाडा

डॉक्टरांनी हात टेकले, तसे एकमेकांचं तोंडही न बघणारे दोघे मुलगे रोज संध्याकाळी बाहेरच्या खोलीत शेजारी शेजारी गुडघे टेकू लागले. आईसाठी सलग नऊ दिवसांची प्रार्थना, नोव्हेना, धरली होती. आतल्या खाटेवर म्हातारीला शब्द कळत नसत. नुसती गुणगुण आणि शेवटचं ‘आमेन’ ऐकू येई. तेवढ्यानेही तिचा जीव निवे. पोरं आपल्यासाठी देवाला साकडं घालताहेत म्हटल्यावर तिच्या अंगात बळ आलं. ती सूप पिऊ लागली, उठून बसू लागली. नवव्या दिवशी तर, आपणही त्यांच्यात बसावं म्हणून भिंत धरत दारापर्यंत आली.

“...आणि प्रभू, आईला आता लवकर तुझ्याकडे ने. आमेन.”

धाकट्याला ती दिसली आणि तो पांढराफटक पडला. थोरला मात्र तिला बघून त्याच्यावरच खेकसला, “तरी सांगत होतो, परवा तू खाडा केलास! एक दिवस चुकला की अख्खी नोव्हेना फुकट जाते.”

म्हातारी भिंतीच्या आधाराने हळूहळू त्या दोघांच्या मध्ये गुडघे टेकून बसली.

“उद्यापासून परत धरा,” ती म्हणाली. “या खेपेला मीही बसते. खाडा नको व्हायला.”